आहेराचा टॉवेल आणि खाजकुइली

आमच्या व्याह्यांना माझ्यामुळे पहिल्याच भेटीत शेण फासून घ्यावं लागलं.

त्याचं असं झालं. धारूरच्या मुरमाड रानात, सीताफळाच्या ओळींमध्ये, मी मुद्दाम खाजकुइलीचा वेल लावला. तो पसरला की तण दबतं, फुलोऱ्यात गाडला की जमिनीला खत! शिवाय वैद्यांनी मला ताकदीसाठी तिचं बी सांगितलेलं, दुधात उकळून, साल काढून. (ताकद कशाला हवी, हे वैद्यांनी विचारलं नाही, बायकोने विचारलं.)

म्हणून बियाण्यासाठी बांधावरचे चार वेल राखले. शेंगांवर सोनेरी मखमल असते. तिची कुसं अंगाला लागली की माणूस नाचतो. पण मी हुशार! पेटीतला कोरा टॉवेल हाताला गुंडाळून शेंगा तोडल्या, टॉवेल दोनदा झटकला आणि दोरीवर टाकला. बायकोने कोरा म्हणून घडी घालून पुन्हा पेटीत ठेवला. आहेराचे टॉवेल आमच्याकडे कुणी वापरत नाही, आलेला पुढे द्यायचा. त्यातले काही माझ्यापेक्षा जास्त गावं फिरलेत.

रविवारी आमच्या लेकीला, पल्लवीला, बघायला माजलगावचे पाहुणे आले. मुलगा पल्लवीला पसंत, फक्त सुपारी फुटायची बाकी. मी मुलाच्या वडिलांना टोपी घातली, गळ्यात टॉवेल टाकला. त्यांनी त्यानेच मानेचा घाम पुसला!

"टॉवेल लई खरखरीत हाय," ते म्हणाले.

"नवा हाय ना!" मी म्हणालो.

मग त्यांनी मान खाजवली. मग पाठ. मग उठून दाराच्या चौकटीला पाठ घासायला लागले! पल्लवीचा चेहरा उतरला.

"अवो," बायको कुजबुजली, "ह्योच टॉवेल रानात नेलता का?"

"खाजवू नका!" मी ओरडलो. "शेण लावा!"

"पावण्याला शेण?" ते गरजले. "चल रे पोरा, उठ!"

मुलगा उठला. झालं, लग्न मोडलं! तेवढ्यात पल्लवी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आली. "मामा, सदरा काढा. बसा खाली." (सुपारीआधीच मामा!) तिने मानेपासून कमरेपर्यंत त्यांना सारवलं. शेण वाळलं, कुसं निघाली, आग थांबली.

"पोरगी पक्की," ते म्हणाले. "इवाई मातर सांभाळून घ्यावा लागंल."

सुपारी फुटली. लग्नात, भर मांडवात, व्याह्यांनी मला टोपी घातली आणि गळ्यात टॉवेल टाकला. तोच!

"धुतलाय ना?" मी हळूच विचारलं.

"कावून? आहेराचा टॉवेल कुणी धुतंय व्हय?"

फोटोत मी सगळ्या मांडवाला हात जोडून उभा आहे. लोक म्हणतात, मुलीचा बाप किती नम्र! हात सुटले असते तर थेट मानेवर गेले असते.