सावंतकाकूंची सिनेट

सावंतकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या सोफ्यावर ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर भराभर फिरत होतं. समोर टीव्हीवर अमेरिकेचे कुणी सिनेटर बोलत होते. मी नवी शेजारीण. ऑकलंडच्या ओटाहुहू भागातल्या दुकानात ताजा कढीपत्ता मिळाला होता, तो द्यायला गेले होते. काकूंनी डावा हात वर करून मला दारातच थांबवलं. सिनेटरांचं वाक्य संपलं, बोट थांबलं, आणि मग त्या हसून म्हणाल्या, "ये गं, बस. कुणाचं वाक्य अर्धवट सोडून उठायची सवय नाही मला."

मुंबईच्या विधानभवनात काकू प्रतिवेदक होत्या. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात इंजिनीअर असलेल्या मुलानं, नितीननं, त्यांना ऑकलंडला आणलं. इथे कायम राहायची परवानगी मिळायला त्यांना बरीच वाट पाहावी लागली होती. आमच्या भागात असे आईवडील पुष्कळ. कुणी नातवंडं सांभाळतं, कुणी मागच्या अंगणात मेथी लावतं. काकू सकाळची कामं उरकून सिनेट लावायच्या. वॉशिंग्टनची संध्याकाळ म्हणजे आमची दुसऱ्या दिवशीची सकाळ. "त्यांच्याकडे अजून कालच चाललाय," त्या म्हणायच्या. "इथून बघताना वाटतं, वेळेवर सांगितलं तर अजून सुधारतील."

मी स्वभावानं तापट. ऑफिसचं काम घरून असलं की चहाच्या वेळी त्यांच्याकडे जाऊन बसायची आणि टीव्हीवरच्या पुढाऱ्यांचा उद्धार करायची. काकू शांतपणे म्हणायच्या, "अगं, नोंदीत घेता येईल असं बोल." एकदा मी विचारलं, सभागृहात नावडता माणूस बोलायला उभा राहिला की हात आखडत नसे का? त्या म्हणाल्या, "उलट. त्याच्या वेळी जास्त जपायचं. आवडत्या माणसाचं आपण न ऐकताही बरोबर लिहितो."

हा त्यांचा विरंगुळा नव्हता, हे मला उशिरा कळलं. त्यांची मुलगी केतकी अमेरिकेत होती. तिचा मुलगा ईशान चार वर्षांचा असताना आईवडिलांच्या व्हिसावर तिकडे गेला आणि तिथलाच होऊन वाढला. केतकीचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत अडकलेलं. आणि तिथला कायदा असा, की मूल एकवीस वर्षांचं झालं की आईवडिलांच्या कागदांवरून आपोआप बाहेर पडतं. मग त्यानं आपला वेगळा व्हिसा मिळवावा, नाहीतर देश सोडावा. ईशानचा विसावा वाढदिवस होऊन गेला होता. त्या वर्षी एका मोठ्या विधेयकाला कुणी सिनेटरनं अशा मुलांसाठी दुरुस्ती सुचवली होती. काकू रोज त्या दुरुस्तीची वाट बघत बसायच्या.

एका शनिवारी नितीनकडे सगळे जमले होते. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा, हा इथला रिवाज. गप्पा फिरून फिरून अमेरिकेवर आल्या. ख्राइस्टचर्चहून कुणाकडे तरी पाहुणा म्हणून आलेला मिलिंद जोरात म्हणाला, "बरोबरच करतायत ते! आपण इथे आलो ते ढीगभर कागद भरून, नियमानं आलो ना? मग तिथे रांग मोडून कशाला कुणाला घ्यायचं?" नितीन ताट ठेवून उठला. त्याचा चेहरा बघून मीही उठले, म्हटलं आता हाणामारी होते.

"सदस्यांनी खाली बसावं," काकू म्हणाल्या. "मिलिंदचं भाषण चालू आहे."

सगळे हसले. नितीन बसला. काकूंनी मिलिंदकडे वळून विचारलं, "पुढे बोल. रांगेत उभे आहेत त्यांच्या मुलांचं काय करावं, असं तुझं म्हणणं?" मिलिंदला कुठे काय माहीत! तो मनसोक्त बोलला. काकूंनी मध्ये एक शब्द घातला नाही. निघताना त्याला कुणीतरी ईशानचं सांगितलं, तेव्हा तो उलट पावली परत आला. "काकू, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर तू बोलला नसतास," काकू म्हणाल्या. "मग तुझ्यासारख्या चांगल्या माणसांना असं का वाटतं, ते मला कुणी सांगितलं असतं? डबा घेऊन जा, भरून ठेवलाय."

मी बघतच राहिले. हे माझ्याच्यानं सात जन्मांत झालं नसतं.

मतदानाच्या दिवशी नितीनला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी काकूंजवळ जाऊन बसले. दुरुस्तीच्या बाजूनं एक बाई बोलल्या, फार छान बोलल्या. मग एक वयस्कर सिनेटर विरोधात उभे राहिले. मी रिमोट घेऊन आवाज कमी करायला गेले. "वाढव," काकू म्हणाल्या. त्या गृहस्थांचं म्हणणं असं, की एकाला सूट दिली की उद्या दुसरा मागेल, आणि ज्यांची मुलं मागे मायदेशात राहिली त्यांनी काय पाप केलं? काकूंनी ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मला मात्र एकेक शब्द टोचत होता.

मग नावं पुकारायला सुरुवात झाली. एकेक सिनेटर येऊन हो किंवा नाही सांगत होता. काकू अचानक उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "होय." मग माझ्याकडे वळून जरा ओशाळून हसल्या. "जन्मभर सभागृहात बसले गं. पण मत माझं कधी नव्हतं."

दुरुस्ती फेटाळली गेली. मी रडायला लागले. काकूंनी मला पाणी आणून दिलं, आणि तेवढ्यात ईशानचा फोन आला. त्यानं धीर न होऊन टीव्ही लावलाच नव्हता. "आजी, डिड इट पास?"

"नाही, बाळा. फेटाळली."

मग काकूंनी त्या बाईंचं सगळं भाषण त्याला मराठीतून सांगितलं, त्यांच्याच आवेशात. मला वाटलं, आता थांबतील. पण त्यांनी त्या म्हाताऱ्या सिनेटरचं भाषणही सांगितलं, तितक्याच जीव ओतून, एकही शब्द वाकडा न करता. नातवाला देशाबाहेर काढणाऱ्या माणसाची बाजू त्या नातवालाच समजावून सांगत होत्या. असं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

एकविसावा वाढदिवस आला. विद्यार्थी व्हिसाची खटपट केली, तीही फसली. ज्या भारताचा पासपोर्ट ईशानच्या खिशात होता, तिथे त्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं. काकूंनी मुंबईसाठी बॅग भरायला घेतली. नितीननं आकाशपाताळ एक केलं. इतक्या मुश्किलीनं इथे राहायला मिळालं, गुडघे दुखतात, मुंबईत एकटीनं कसं होणार? काकूंनी त्याचंही सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पोराला जेवायला कोण वाढणार?"

विमानतळावर मी त्यांच्या पाया पडले. असल्या गोष्टी मी सहसा करत नाही.

गेल्या आठवड्यात फोन केला तर ईशाननं उचलला. आजी भाजी आणायला गेली होती. त्याचं मराठी अजून अडखळतं, पण आता तो उत्तर मराठीतच देतो. काय चाललंय विचारलं, तर म्हणाला, "त्या म्हाताऱ्या सिनेटरला मी लेटर लिहितोय. पण आजी ते पाठवू देत नाही."

"का रे?"

"ती म्हणते, आधी त्याचं म्हणणं नीट लिही. त्यानं वाचलं की त्याला वाटलं पाहिजे, हो, मी असंच म्हणालो होतो. मग खाली तुझं लिही."

"मग जमलं का?"

"माझं जमलंय," तो म्हणाला. "त्याचं अजून नाही."