आबांच्या नावाचा घास

भुताखेतांचं मला कधी पटलं नाही. गावात कुणा बाईच्या अंगात आलं की मी आधी विचारायची, सकाळपासून काही खाल्लंय का हिनं? बहुतेक वेळा उपाशीच निघायची. शाळा माझी चौथीपर्यंत, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. पण सांगते ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

माहेर माझं नरडाण्याकडचं, सासर पहूर, जामनेर तालुका. केळी आणि कापूस. माझ्या मालकांना सगळा गाव आबा म्हणायचा, मीही आबाच म्हणते. केळीच्या बाबतीत फार कडक. पानावर हरण्या रोगाचे पिवळे पट्टे दिसले की झाड मुळासकट उपटायचे आणि बागेबाहेर नेऊन पुरायचे. "एक ठेवलं की बाग गेली," म्हणायचे. हरण्या म्हणजे व्हायरस, हे आमच्या विजूनं कॉलेजात गेल्यावर सांगितलं. विजू एकुलती एक. त्याच नादानं शिकत गेली... आधी जळगाव, मग पुणे, मग काही वर्षं परदेश. लग्न केलं नाही. आता पुण्याला एका लॅबमध्ये शास्त्रज्ञ आहे.

तिचं काम तिनं मला समजावलं ते असं. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. एक व्हायरस असा आहे की तो राखणदारालाच धरतो. बहुतेकांच्या अंगात गुपचूप पडून राहतो, त्रास देत नाही. पण एखाद्याच्या अंगात त्या पेशी मरायचंच विसरतात आणि वाढत सुटतात. तो कॅन्सर.

आबांना नेमका तोच निघाला. मानेत गाठ, मग काखेत. जळगावला दवाखाना केला, उपयोग नव्हता. विजूनं गाठीचा तुकडा मागितला, डॉक्टरांसमोर, रीतसर. आबा म्हणाले, "ने वं बाई. उपटेल झाड आपण पुरतो. हे तू पुरू नको. पाह्य त्यात काय हाये ते."

थोड्याच दिवसांत गेले.

काचेत ठेवलेल्या असल्या पेशी बहुधा लवकर मरतात. आबांच्या मेल्या नाहीत. विजूनं त्यांचं नाव ठेवलं — पहूर-एक. तिचं पुढचं सगळं संशोधन त्यांच्यावर. बाकीचे राखणदार या बिघडलेल्यांना ओळखत का नाहीत, त्यांना ओळखायला शिकवता येईल का, हे ती शोधते. मी एकदा लॅब पाहून आले. कपाटासारखं यंत्र, आत माणसाच्या अंगाइतकी ऊब, सपाट बाटल्यांत सरबतासारखं गुलाबी पाणी. दुर्बिणीला डोळा लावला तर बारीक बारीक घोस. "हे आबा," विजू म्हणाली आणि हसली. ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. त्याला ती खाऊ घालणं म्हणते. तिच्या धंद्यात सगळे तसंच म्हणतात म्हणे.

आता आखाजीचं सांगते. आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. मग आगारी टाकतात — गोवरीच्या विस्तवावर सांजोरी आणि आमरसाचा घास, वर तूप, ज्याचं त्याचं नाव घेऊन. भडका उठला की त्यानं घास घेतला. मला विचाराल तर विस्तवावर तूप पडलं की पेटणारच, त्याला पितर कशाला हवा?

आम्हाला मुलगा नाही, म्हणून आगारी माझे धाकटे दीर टाकतात, नाना. आबा गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला नानांनी सासऱ्यांचं नाव घेतलं... भडका. सासूचं घेतलं... भडका. आबांचं घेतलं, तर घास तसाच बसून राहिला. तूप ओघळलं, निखारा काळा पडला. साधा धूर नाही.

"वहिनी, तुपात काही भेसळ हाये काय?"

"सासऱ्यांना चाललं तेच आहे."

पुढच्या वर्षी मी गोवऱ्या बदलल्या, लोणी घरी कढवलं, आबांचं नाव सगळ्यांच्या आधी घ्यायला लावलं. तरी विझलं.

"आबाच्या मनात काही र्‍हायलं असीन," नाना म्हणाले.

"त्यांच्या मनात काही राहायचं नाही. सगळं तोंडावर बोलायचे. तुम्हालाही बोललेत."

त्यानंतरच्या आखाजीला विजू घरी आली. चुलीपुढे उकिडवी बसून पाहिलं. म्हणाली, घासात रस जास्त आहे, ओल राहते. मग तिनं स्वतः सगळे घास सारखे केले, एकाच वाटीतलं तूप चमच्यानं मोजून घातलं. सासू-सासऱ्यांचे पेटले. आबांचा नाही.

नाना चेष्टेनं बोलले, "तू तिकडे जेऊ घालते ना वं त्याले? पोट भरेल माणूस दोनदा काऊन जेवीन?"

आम्ही हसलो. विजू हसली नाही.

मी भांडी घासत होते, तिथं येऊन उभी राहिली. "माय, तुला काय वाटतं?"

चिडले की माझ्या तोंडात माहेरची बोली येते. "तुले बठ्ठं माहीत शे, मंग माले का इचारस?"

"आबा अडकलेत असं वाटत असेल तर सांग. मी बंद करते."

"काम झालं तुझं?"

"नाही. अजून बरीच वर्षं लागतील."

"मग बंद कशाला करतेस?"

बोलून गेले, पण ते डोक्यातून जाईना. खरंच अडकले असतील तर? त्या दुखण्यातून माणसाला मेल्यावरही सुटका नाही... आणि धरून ठेवणारी पोटची पोर.

पुढच्या आखाजीला विजूला येता आलं नाही. नानांनी आबांचं नाव घेऊन घास टाकला आणि असा भडका उठला की त्यांच्या मनगटावरचे केस जळाले. नाना रडले. मी उठून विजूला फोन लावला.

तिनं मला बोलूच दिलं नाही. "माय, पहूर-एक गेलं. सकाळी यंत्र उघडलं तर सगळ्या बाटल्या गढूळ. बुरशी लागली."

मग मी आगारीचं सांगितलं.

"थोड्या गोठवून ठेवल्यात," ती म्हणाली. "त्यातून परत वाढवता येतील."

"जिवंत आहेत त्या?"

"धड जिवंत नाहीत, धड मेलेल्याही नाहीत. खात नाहीत." मग म्हणाली, "माय, काढू का?"

दवाखान्यात आबांच्या शेजारच्या खाटेवर एक शाळकरी मुलगी होती. तिलाही तसल्याच गाठी. तिची आई भिंतीकडे तोंड करून जेवायची, पोरीला गिळता येत नव्हतं म्हणून. मला ती बाई आठवली.

"काढ," मी म्हटलं.

यंदा आबांचा घास टाकला आणि निखारा काळा पडला. तो पडणार, हे मला टाकायच्या आधीच माहीत होतं. नानांना सांगितलं, आता पुन्हा आबांचं नाव घेऊ नका. त्यांची घागरही मी भरणार नाही. गावातल्या बाया म्हणतात, म्हातारीनं नवऱ्याला उपाशी ठेवलं. म्हणू देत.

विजू म्हणते योगायोग असेल. मग स्वतःच म्हणते, इतक्या वेळा कसा? कारणं शोधणं हाच तिचा धंदा, आणि तिला सापडत नाही. मला कुठून सापडणार? मी अजूनही भूत मानत नाही.

फक्त तिचा फोन आला की आधी विचारते, तू जेवलीस का. मग विचारते, आबा जेवले का.