युद्धनौकेची मुंज

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगायला मला जरा थांबून आठवावं लागतं. या प्रकरणाचं मात्र तसं नाही. ते कोणी विचारलं तर मी मधूनच कुठूनही सांगायला सुरुवात करू शकतो.

तेव्हा मी कसबा पेठेजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी, रात्रपाळीचा आढावा आणि मग तक्रारदारांची रांग, असा रोजचा क्रम. त्यातल्या निम्म्या तक्रारी गाडी कुठे लावली याच्या आणि उरलेल्या शेजाऱ्यांच्या. अशाच एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका आल्या. हातात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, गोल होतं.

"फसवणुकीची फिर्याद द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "खुर्ची नसेल तर उभ्याने देते."

खुर्ची आली. बाईंनी साडी सोडली. आत पितळेची एक चकती होती, काठाला बोल्टसाठी पाडतात तशी भोकं. "हे त्या युद्धनौकेच्या गोल खिडकीवरचं झाकण आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, असं सांगून मला विकलंय."

कोणती युद्धनौका, हे विचारायची गरज नव्हती. नौदलाची एक जुनी विमानवाहू नौका थोड्याच दिवसांपूर्वी मोडीत निघाली होती. तिचं संग्रहालय करा म्हणून पुष्कळ मागण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटी ती ओढत नेऊन किनाऱ्यावर कापायला घातली. ती कापाकापी लोकांनी टीव्हीवर पाहिली. पुण्याला समुद्र नाही, पण समुद्राचा अभिमान भरपूर आहे. जहाजाचा एखादा तुकडा दिवाणखान्यात असावा असं अनेकांना वाटू लागलं आणि पेठेतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने त्यांची सोय केली.

"त्याने बजावलं होतं, घासू नका म्हणून," बाई सांगत होत्या. "वरचा थर समुद्राच्या मिठाचा आहे म्हणे. आता मला सांगा, पाडव्याच्या आधी घरातलं सगळं पितळ घासायला काढलं, तर हे एकटंच काळं कसं ठेवायचं? चिंच लावली. मागून हे निघालं. वाचा."

मी चष्मा लावला. आपल्याकडे भांड्यांवर ठिपके ठोकून नाव घालतात, तशी अक्षरं होती. नाव पुसट झालं होतं, पुढचं स्वच्छ वाचता येत होतं: '…च्या मुंजीत मावशीकडून सप्रेम भेट'.

"युद्धनौकेची मुंज कधी झाली, तेवढं त्या माणसाला विचारा," बाई म्हणाल्या. ठाणे अंमलदार खाली बघून हसला. मीही हसलो असतो, पण खुर्चीचा मान राखावा लागतो.

फिर्याद नोंदवून घेतली. पंचांसमक्ष चकती मुद्देमाल म्हणून जप्त केली आणि दुकानदाराला बोलावणं पाठवलं. तो स्वतःच्या पायांनी, इस्त्रीच्या कपड्यांत आला. "अहो साहेब, मी तर साधा विक्रेता. माल मला अस्सल म्हणून मिळाला. आपण हे पाहा." त्याने मोबाईल पुढे केला. त्यातली चित्रफीत अर्ध्या पुण्यात फिरत होती, फक्त आमच्यापर्यंत आली नव्हती. छातीवर पदकं लावलेले एक ताठ म्हातारे गृहस्थ तशीच एक चकती हातात धरून म्हणत होते, "हो, आपल्याच जहाजाचं."

हे गृहस्थ पेठेतच राहणारे. त्या जहाजाच्या बॉयलरवर त्यांची बरीच वर्षं गेलेली. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांच्या शब्दावर लोक दुकानात गेले होते. बाईही त्यामुळेच गेल्या होत्या. चोराच्या दुकानात माणूस चोराला बघून जात नाही. आत आधीच कोणीतरी सज्जन बसलेला दिसला, की जातो.

काकांना बोलावलं. ते वेळेच्या आधी येऊन बाकावर ताठ बसले. मी चकती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी तिला हातही लावला नाही.

"हे तुमच्या जहाजाचं आहे?"

"मी म्हणालोय ना तसं."

"म्हणालात ते मी ऐकलं. आहे का, ते विचारतोय."

"जे म्हणालोय ते म्हणालोय, साहेब."

मागची अक्षरं दाखवली. त्यांनी वाचली आणि चष्मा काढून पुसत बसले. त्यांना घरी जाऊ दिलं, पण प्रकरण मनातून जाईना. लबाड माणूस अशा वेळी दहा कारणं देतो. यांनी एकही दिलं नव्हतं.

मग खबर आली. खडकवासल्याच्या रस्त्यावरचं एक गाव अलीकडेच शहरात आलं होतं. तिथला एक शेतकरी थेट माझ्या खोलीत शिरला. "सायेब, शेड माझंच हाय. भाडं येळेवर येतंय म्हणून गप हुतो. पर त्यो पेठेतला दुकानदार दिसभर पराती ठोकतोय, भोकं पाडतोय, वर मिठाचं पाणी शिंपडतोय. त्या आवाजानं आमची म्हस पान्हा चोराया लागली."

आम्ही शेडवर छापा घातला. आत पितळी परातींची चळत लागली होती. पुण्यातल्या घरांनी मोडीत दिलेल्या पराती. त्यांचे काठ कापायचे, तळ ठोकून सपाट करायचा, नावाच्या ठिपक्यांत मेण भरायचं आणि वर काळं-हिरवं काहीतरी फासायचं, असा उद्योग. पंचनामा करताना माझा एक हवालदार पंचांना मोठ्याने वाचून दाखवत होता, "लग्नाप्रीत्यर्थ काकूंकडून," "डोहाळेजेवण," "वास्तुशांत." पंचही मन लावून ऐकत होते.

दुकानदाराला अटक झाली. पोलीस कोठडी मिळाल्यावर त्याचा साधेपणा उतरला, पण एक गोष्ट त्याने धरून ठेवली. "मी एकटाच कसा? त्या म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यालाही आत घ्या."

काकांना पुन्हा बोलावलं. या वेळी मी दार लावून घेतलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. हातात घेतली तेव्हाच कळलं. आमच्या खिडकीचं झाकण उचलायला दोन हात लागायचे. हिला वजनच नाही."

"तुम्हाला त्याने काय दिलं?"

"काही नाही."

"मग खोटं का बोललात?"

ते खाली बघत राहिले. मी समजावलं, थोडा चढ्या आवाजातही बोललो. त्यांना स्पष्ट सांगितलं की माहीत असून तुम्ही लोकांना फसू दिलंत, हे असंच कागदावर गेलं तर तुमचं नाव आरोपींत येईल. या वयात, ही पदकं लावून, तुम्हाला कोर्टात उभं राहावं लागेल. त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "लिहा, साहेब. सही करतो. एकच विचारायचंय. ती झाकणं तुम्ही कोणाकोणाकडून जप्त करणार?"

"ज्यांना ज्यांना विकली, त्या सगळ्यांकडून."

"स्वारगेटचंही?"

मी स्वारगेटचं नाव काढलं नव्हतं. फिर्यादीतही ते कुठे नव्हतं. आपण बोलून गेलो हे काकांच्याही लक्षात आलं आणि त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. अपराधी माणूस माझं काय होणार, हे विचारतो. हा माणूस कोणत्या तरी भिंतीवरच्या एका चकतीचं काय होणार, हे विचारत होता.

मी ती चित्रफीत पुन्हा पाहिली. ती दुकानातली नव्हती. मागे कॉट दिसत होती, कॉटवर कोणाचे तरी पाय, तिकडूनच 'आपलंच ना?' असा एक थकलेला आवाज येत होता, आणि 'आपल्याच जहाजाचं' म्हणताना काका चकतीकडे बघतच नव्हते, त्या कॉटकडे बघत होते. दुकानदाराला विचारलं, कुठे काढली ही? "स्वारगेटला, त्यांच्या मित्राकडे. लटकवायला मीच गेलो होतो."

काकांना ठाण्यातच चहा द्यायला सांगून मी साध्या कपड्यांत, एक हवालदार आणि दोन पंच घेऊन स्वारगेटला गेलो. बसस्थानकामागच्या इमारतीत तळमजल्यावर घर. सुनेने दार उघडलं. आतल्या खोलीत कॉटवर काकांचे जहाजावरचे सोबती पडून होते. उजवी बाजू लुळी, मधुमेहाने दृष्टी पूर्ण गेलेली. डाव्या हाताला पोचेल अशा उंचीवर चकती टांगली होती.

"बूट पोलिसाचे वाटतात," ते म्हणाले.

मी ओळख दिली. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "जपून बोला. जहाज कापलं तेव्हापासून विचारत होते, आपलं काही मिळालं का. हे विकत घेतल्यावर शांत झाले. रोज सकाळी त्याला हात लावतात आणि सलाम करतात." मग मला काकांच्या मौनाचं कारण समजलं. आणि आता ही चकती खिळ्यावरून काढायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी खुर्ची ओढून बसलो. जहाजावर आपण कोणत्या कामावर होता, वगैरे विचारू लागलो.

"भटारखान्यात. सगळ्या जहाजाची कणीक आमच्याकडे. साहेब, परात आहे ती. एवढे आढेवेढे कशाला घेताय?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "आपल्याला हे कधी कळलं?"

"हातात दिली तेव्हाच. जन्मभर परातीत हात घातलाय. काठ कापले म्हणून मला कळणार नाही?"

"मग मित्राला 'आपलंच ना?' असं का विचारलंत?"

"तो काय म्हणतो ते बघायला. माझ्याशी तो कधी खोटं बोलला नाही हो. त्या दिवशी बोलला. आवाज कापत होता त्याचा. म्हटलं, माझ्यासाठी एवढं करतोय, तर मीही मान डोलावतो."

"आणि रोजचा सलाम?"

"जहाज तर कापून टाकलं. सलाम ठोकू कुठं?"

बाहेर बसचा वाहक कात्रज, कात्रज ओरडत होता. मग मी त्यांना सांगितलं की त्यांचे मित्र ठाण्यात बसले आहेत, कारण सांगत नाहीत आणि त्यामुळे आरोपी होण्याची वेळ आली आहे. दुकानदाराने ती चित्रफीत दाखवून किती लोकांना गंडवलं, तेही सांगितलं. ते यांना ठाऊक नव्हतं.

"काढा ती भिंतीवरून," ते म्हणाले. "आणि माझा जबाब लिहा. त्यालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. तो पैशासाठी बोलला नाही, माझ्यासाठी बोलला. हे शेवटचं वाक्य सोडू नका."

सोडलं नाही. पंचनामा झाला. सही करता येत नव्हती, डावा अंगठा घेतला.

ठाण्यात परत आलो तेव्हा काकांसमोरचा चहा तसाच गार झाला होता. मी त्यांना तो जबाब वाचून दाखवला. शेवटचं वाक्य ऐकल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले, "गाढव लेकाचा. रोज संध्याकाळी मला त्या परातीचा इतिहास विचारायचा. मी रचून रचून सांगायचो." आणि इतका वेळ ताठ बसलेला तो माणूस टेबलावर डोकं टेकवून रडला. माझेही डोळे भरले होते, ते लपवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

त्यानंतर काकांनी सगळं सांगितलं. चित्रफीत दुकानदाराने न विचारता पसरवली होती. खोटी आहे म्हणावं तर मित्राच्या कानावर जाईल, म्हणून ते गप्प राहिले होते. त्यांनी फायदा घेतला नाही हे तपासात सिद्ध झालं, सरकारी वकिलांचं मत घेतलं आणि दोषारोपपत्रात त्यांचं नाव साक्षीदारांत गेलं. तरी त्यांच्या गप्प राहण्याने लोक फसले होते, हेही मी त्यांना सुनावलं. ते ऐकून काका आपणहून बाईंच्या घरी माफी मागायला गेले. बाई म्हणाल्या, "बसा, चहा घ्या. पुढच्या वेळी मित्राशी खोटं बोलायचं असेल तर त्याच्या कानात बोला, मोबाईलसमोर नको."

पुढे दुकानदाराला शिक्षा झाली. मुद्देमाल निकालापर्यंत आमच्या खोलीत पडून होता. स्वारगेटचे गृहस्थ निकालाआधीच गेले. तोवर काका रोज संध्याकाळी तिथे जात होते, असं तिथल्या सुनेने सांगितलं. परात नव्हती, त्यामुळे दोघे आता खऱ्या जहाजाबद्दल बोलत आणि भांडतसुद्धा.

त्याआधीच्या माझ्या सगळ्या चौकश्यांत मी एक प्रश्न हमखास विचारायचो, खोटं का बोललास? 'का'ला माणसाकडे शंभर उत्तरं तयार असतात. या प्रकरणानंतर उरलेल्या नोकरीत मी त्याच्या जोडीला आणखी एक विचारत गेलो, खोटं कोणासाठी बोललास? बहुतेक जण स्वतःसाठीच बोललेले असतात आणि ते लगेच बोलू लागतात. क्वचित एखादा खाली बघतो आणि काहीच बोलत नाही. अशा माणसावर मी पुन्हा कधी आवाज चढवला नाही. पेन खाली ठेवायचो आणि त्याच्या घरचा पत्ता विचारायचो.