तापलेल्या विटेवरचं पाणी

शेजारच्या बांधकामावर कुणीतरी उन्हानं तापलेल्या विटांवर पाणी मारलं आणि त्या वासासरशी मला धाड गावाजवळचं आमचं घर आठवलं. आई बाजाराला गेली होती. मी पाळीची, कोपऱ्यात पोत्यावर पोट आवळून पडलेली. चुलीत निखारे फुललेले, चार पावलांवर. पण त्या दिवसांत चुलीला शिवायचं नसे. माझं कण्हणं ऐकून शेजारची मुसलमान खाला आली. "चूल तं पेटेल हाय, मंग वीट तापवून काऊन नाही शेकत, बेटी?" "मले शिवता येत नाही." चुलीकडे पाहत ती उंबऱ्यातच थांबली. "मलेबी नाही," म्हणाली, आणि स्वतःच्या घरून वीट तापवून, ओढणीत गुंडाळून घेऊन आली. ऊब लागली तशी कळ सैल झाली, डोळा लागत होता, तेवढ्यात आई आली. "कोनाच्या चुलीवरची हाय हे?" मला न शिवता तिनं काठीनं वीट अंगणात लोटली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. चर्र झालं. समोर खाला आपल्या दारात उभी होती. मी मान खाली घालून पुन्हा पोट आवळलं. आता माझी पाळी जाऊनही वर्ष झालं. खालाला त्या विटेबद्दल मी कधीच काही म्हणाले नाही, आणि आता ती नाही.