नाक वर करून धावणारी होडी

थंड पाण्यावर रेंगाळणारा जळक्या पेट्रोलचा कडवट गंध आला, की आजही माझे मस्तक तापते. ती एकोणीसशे सत्तरच्या दशकातली वर्षे. फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून पेन्शन घेऊन मी साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या जलाशयाकाठच्या माझ्या गावी परतलो होतो. धरणाने जुन्या वाटा गिळल्या होत्या. बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या सासरी जायचे तर मागे इंजिन अडकवलेली एकुलती एक होडी.

ती चालवी होडीच्या मालकाचा मेहुणा बाळू. इंजिनाचा कल ठरवायला मागच्या फळीपाशी भोकांची रांग आणि तीत अडकवायची एक लोखंडी खीळ असते. ती आतल्या भोकात असली, की इंजिन फळीला बिलगते आणि होडीचे नाक पाण्यालगत राहते. बाहेरच्या भोकात घातली, की इंजिनाचा पाण्यातला पंखा मागे कलतो आणि नाक आभाळाकडे उचलते. रिकाम्या होडीला, निवांत जलपृष्ठावर, थोडे उचललेले नाक वेग देते हे खरे. पण माणसांनी भरलेल्या होडीला, वाऱ्यात, तीच ऐट घातक. बाळूची खीळ मात्र सदैव शेवटच्या भोकात. का, तर उधळलेल्या घोड्यासारखी होडी काठावरच्यांनी पाहावी!

"बाळू, खीळ आत घे. म्होरचं दिसतंय का तुला?" मी किती वेळा बजावले.

"हवालदार, ही फौज न्हाई. बसायचं तर बसा, न्हाईतर ऱ्हावा काठावर."

मालक शेजारी उभा राहून हसला होता.

चैत्रात पाणी उतरते, बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. अशाच एका दुपारी माझी चुलत बहीण सगुणा बाजाराहून परतत होती. काठावरून मी पाहत होतो. वारा उचललेल्या नाकाखाली शिरला, होडी आडवी ढकलली गेली. नाकाआडचा बुंधा बाळूला दिसलाच नाही. होडी त्यावर आदळून उलटली. आम्ही पोहत गेलो, एकेकाला ओढून काढले, बाळूलाही. सगुणा हाती लागली, तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

"नशिबाचा भोग व्हता, हवालदार. पान्यानं नेली," मालक सांत्वनाला आला तेव्हा म्हणाला.

"पान्याला नावं ठेवू नगा. पानी हाय तिथंच व्हतं. खीळ तुमची व्हती."

जमलेल्यांपैकी कुणी मान वर केली नाही. माणसाच्या मस्तीचे माप नशिबाच्या पदरात घालणारी ही कसली आपली सोशिकता? त्या मौनाचा मला बाळूपेक्षाही अधिक संताप आला.

होडी दुरुस्त झाल्यावर मी न विचारता इंजिनाचा ताबा घेतला, खीळ आतल्या भोकात ठोकून बसवली. मालक बाजूला सरला. पण होडीत पाऊल टाकायला कुणी धजेना.

मग काकी आली, सगुणाची आई.

"कुठली ती खीळ? दाव मला."

मी दाखवली. तिने वाकून ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. मग होडीतल्या बसायच्या फळीवर टेकत ती काठावरच्या माणसांना म्हणाली, "या. बसा."