गडगडलं की मेन बंद

स्वारगेटहून रत्नागिरीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक मोठं खोकं होतं. वरच्या फळीवर जागा नव्हती आणि खाली ठेवायला मन होईना, कारण आत चिनी मातीचं जड भांडं होतं आणि आपल्या रस्त्यांशी माझी जुनी ओळख आहे. तिकीट देता देता कंडक्टरने खोक्याकडे पाहिलं.

"गणपती आहे का?"

"गणपती होऊन गेले की."

"म्हणून तर विचारतोय. आता कुठे नेताय?"

तो स्लो कुकर होता. विजेवर चालणारं, अगदी मंद आचेवर तासन्‌तास शिजवत राहणारं भांडं. सकाळी सगळं आत टाका, झाकण लावा, कामाला जा. आलात की जेवण तयार. खोक्यावर एका कुटुंबाचं चित्र होतं. आई, वडील, दोन मुलं आणि मधोमध वाफाळतं भांडं. चौघांचेही सगळे दात दिसत होते. धावपळीच्या घरांसाठी सोपं जेवण, असं खाली छापलं होतं. मी आयुष्यभर धावपळीच्या घरांतच जेवत आलो आहे. इतके दात मी दातांच्या दवाखान्यातही पाहिलेले नाहीत.

हे भांडं माझ्या धाकट्या बहिणीसाठी, शैलासाठी होतं. ती रत्नागिरीत एका कचेरीत नोकरी करते. नवरा, सुरेश, बोटीवर असतो आणि वर्षातले बरेच महिने फक्त फोनवर दिसतो. मुलगी पुण्यात शिकते. घरी शैला आणि तिचे सासरे, अण्णा. अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे. तब्येत ठीक, चष्मा ठीक, पण गेल्या वर्षभरात त्यांनी दोनदा गॅस चालू ठेवला. दुसऱ्या वेळी ओट्यावरचा पंचा पेटला. तेव्हापासून शैला कामावर जाताना रेग्युलेटर काढून कपाटात ठेवते आणि अण्णा दुपारी गार भात जेवतात. म्हणजे शैलाच्या मते जेवतात. संध्याकाळी भात जागच्या जागी असतो. डबा लावून झाला, स्वयंपाकाची बाई ठेवून झाली; बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्या गेल्या त्या गेल्याच. सुरेशची बहीण मीना डोंबिवलीला असते. अण्णांना इकडे आणून सोड, असं ती किती दिवस सांगत होती. अण्णांना जायचं नव्हतं आणि शैलाला पाठवायचं नव्हतं. विस्तवाशिवाय गरम जेवण मिळालं तर अण्णा घरी राहणार, नाहीतर डोंबिवली. असा तो निवाडा माझ्या मांडीवर होता.

आंबा घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. खाली साखरप्याच्या बाजूला भात कापून शेतात आडवं टाकलेलं, आणि त्यावर परतीचा पाऊस. बायका ताडपत्र्या घेऊन बांधावरून धावत होत्या. पिकलेलं भात असं भिजताना पाहिलं की पुण्यातून आलेल्या माणसाने खिडकीबाहेर बघून सुंदर आहे म्हणायचं धाडस करू नये. हातखंब्यापुढे सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) लागला. वरचं गवत पिवळं पडत चाललेलं, मधल्या खळग्यांत गढूळ पाणी, आणि माणूस कुठेच नाही.

स्टँडवर रिक्षा केली. रिक्षावाले चाचा वयस्कर, दाढी पांढरी. खोकं आत घेताना त्यांनी विचारलं, "काय हाय ह्यात?"

"भांडं. विजेवर हळूहळू शिजवतं."

"आमच्या पोराने पाठवलान तसलं. कुवेतवरून."

"मग? बरं आहे का?"

"बरं हाय. बायको त्यात कांदे ठेवते." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "मी तिला बोललो, अगो शिजव की त्यात. तर म्हणते कशी, चाळीस वरसं झाली, मी कधी घाईत शिजवलंय ते सांगा."

शैलाचं घर नाचणे गावाच्या रस्त्याला, छोटं, बैठं, पुढे पडवी. अण्णा पडवीतच खुर्ची टाकून बसले होते.

"आलाव? घाटात पाऊस होता ना?"

"होता."

"भात गेलं ह्या वर्षी," ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं शेत नाही. रोज सकाळी ते दुसऱ्यांच्या भाताची काळजी करतात.

शैला आल्यावर खोकं उघडलं. ओट्यावर ते काळं भांडं एखाद्या साहेबासारखं बसलं. अण्णांनी काचेचं झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं.

"हा तर वैल." वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं तोंड, तिथे उरलेल्या धगीवर आमटी नाहीतर दूध ठेवून देतात. "आमची ही वैलावर काळे वाटाणे ठेवून शेतावर जायची. पण तिथे जाळ दिसायचा. ह्याचं चाललंय की नाही ते कळायचं कसं?"

"लाल दिवा लागतो, अण्णा," शैला म्हणाली. "आणि तुम्ही फक्त वाढून घ्यायचं. ह्याला हात लावायचा नाही. बटणाला नाही, वायरला नाही. बंद करायचं नाही."

"बंद कोण करणार मग?"

"ते आपोआप होतं."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की आपोआप झालेली एकही गोष्ट त्यांना आजवर भेटलेली नसावी.

दुसऱ्या दिवशी तिने मुगाची मऊ खिचडी लावली. मीही बाहेर पडण्याच्या तयारीत होतो, कारण शैलाने मला घरात थांबायला मनाई केली होती. "तू वाढलंस तर ते जेवतीलच. मग परीक्षा कसली?" तिचं म्हणणं बरोबर होतं. मी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र राखाडी, वाळू राखाडी, सुरूची झाडं ओली. एक जोडपं फोटोसाठी हसत होतं आणि फोटो झाला की लगेच थांबत होतं.

परत आलो तेव्हा अण्णांनी ताट घासून पालथं घातलं होतं.

"कशी होती?"

"आजाऱ्याची होती," ते म्हणाले. "पण गरम होती."

शैलाने हे ऐकलं आणि पर्स खांद्यावरून न काढताच मीनाला फोन लावला. "राहू दे गं त्यांना इथेच," असं ती म्हणत होती. तिचा आवाज इतका हलका झालेला मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर तिने अण्णांना विचारलं, उद्या काय करू? अण्णा थोडे लाजले. "काळे वाटाणे जमतील ह्याच्यात?"

वाटाणे तिने भिजत घातले. सकाळी कांदाखोबऱ्याचं वाटण लावून भांडं भरलं, लाल दिवा लागला, बाजूला भाताचं पातेलं फडक्यात गुंडाळून ठेवलं. त्या दिवशी सकाळपासूनच भरून आलं होतं. एरवी परतीचा पाऊस दुपार कलल्यावर येतो.

मी थिबा राजवाडा पाहायला गेलो. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला राज्य काढून घेऊन इथे आणून ठेवलं आणि मग त्याला साजेसा राजवाडा बांधून दिला. लाल भिंती, नक्षीच्या खिडक्या, लाकडी मजला. माणसाला त्याच्या घरातून उचलल्यावर त्याचा इतका मान ठेवायची काय गरज होती, हे तिथल्या कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही. वरून खाडी दिसते. राजा रोज तिकडे बघत बसायचा म्हणतात. दुसरं काय करणार?

बाहेर पडलो आणि गडगडलं. पावसाचा थेंब नव्हता अजून. मी समोरच्या चहाच्या टपरीत शिरलो. चहा उकळत होता, पंखा फिरत होता. दुसऱ्यांदा गडगडलं तशी चहावाली बाई उठली, दाराजवळच्या फळीवरचा मोठा खटका खाली ओढला आणि परत येऊन बसली. पंखा थांबला. शेजारच्या दुकानातलाही दिवा गेला. मग त्यापलीकडच्या.

"लाईट गेली का?" मी विचारलं.

"जातेय कुठे? आम्हीच घालवली. गडगडलं की मेन बंद करायचं. तारेतून वीज घरात येते. दोन वरसांमागे आमचा टीव्ही गेला, शेजारणीचा फ्रीज गेला." तिने माझा कप पुढे केला. "तुमच्याकडे नाय करत?"

मी चहा तसाच ठेवला.

पण तोवर पाऊस कोसळायला लागला होता आणि रिक्षा मिळेना. दोन रिक्षावाल्यांनी हात हलवले, नुसतेच. घरी फोन लावला. अण्णा मोबाईल कपाटात ठेवतात, वाजून वाजून थांबला. पाऊस ओसरल्यावर एक रिक्षा थांबली. घरी पोचलो तेव्हा अण्णा पडवीत खुर्चीवर होते. मागे भिंतीवर मेनचा खटका खाली होता.

"जेवलात?"

"जेवलो तर. एक वाजता. तिने सांगितलेलं ना."

मी आत गेलो. लाल दिवा नव्हता. भांडं कोमट होतं. एक वाटाणा दाताखाली धरला, तो तुटला पण दबला नाही. भांड्याचा बराच भाग रिकामा होता.

"अण्णा, कडक नव्हते का?"

"होते थोडे. चावून खाल्ले. शैलाने मुद्दाम माझ्यासाठी लावलेले." मग माझ्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "मी त्याला हात लावला नाही हां. बटणाला नाही, वायरला नाही."

खरंच लावला नव्हता. मेन बंद करायचं त्यांना शैलानेच शिकवलं होतं, घरातला टीव्ही जळला त्या वर्षी. वर्षभरात ते गॅस विसरले, चष्मा विसरले, एकदा जेवलो हेही विसरले. हे मात्र एकदाही विसरले नाहीत. शैलाने भांड्याचं सगळं समजावून सांगितलं, पण गडगडण्याचं तिच्या मनात आलंच नाही. श्वास घेतो हे कुणी सांगत नाही, तसं ते त्या घरात होतं.

संध्याकाळी अण्णांच्या पोटात कळा यायला लागल्या. मग उलट्या. दवाखाना जवळच होता. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, सलाईन लावलं आणि चष्म्यावरून विचारलं, "ह्या वयात अर्धकच्चे वाटाणे कुणी दिले ह्यांना?"

"मी," शैला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अण्णा घरी आले. चेहरा उतरलेला, पण बरे. मी शैलाला म्हटलं, इन्व्हर्टर बसवू. नाहीतर अण्णांना सांगू की मेन बंद करायचं नाही.

"सांगू," ती म्हणाली. "आणि मग खरंच तारेतून वीज घरात आली तर? दादा, मी एक भोक बुजवते, दुसरं पडतं. दिवसभर खुर्चीत बसून मी घराचाच विचार करते. साहेब काय बोलतात ते मला ऐकूच येत नाही."

आम्ही स्वयंपाकघरात हळू बोलत होतो. छोट्या घरात हळू बोलून उपयोग नसतो. पडवीतून अण्णांचा आवाज आला. "मीनाला फोन कर. मी जातो."

"दिवाळी तरी होऊ दे, अण्णा."

"दिवाळीला सुरेश नाही, नात येईल न येईल. तू एकटी माझ्यापुढे फराळ घेऊन बसणार. आता सोबत आहे, आताच जातो. पुढे मला कोण नेणार?"

सोबत म्हणजे मी. शैलाने ओट्यावरचं भांडं उचललं, घासलं, कोरडं केलं, आणि मग ते कुठे ठेवावं हे न सुचून पुन्हा ओट्यावरच ठेवलं.

निघण्याच्या सकाळी रिक्षा दाराशी आली. तेच चाचा. त्यांनी बॅग घेतली आणि ह्या वेळी काही विचारलं नाही. अण्णा पायरी उतरले, थांबले, परत पडवीत चढले. हात वर करून त्यांनी मेनचा खटका खाली ओढला. गावाला जाताना घर बंद करायची रीत. आतला दिवा गेला.

"अण्णा," आतून शैलाचा आवाज आला, "मी आहे अजून घरात."

अण्णा तसेच उभे राहिले, हात खटक्यावर. "हो," ते म्हणाले. "तू आहेस." आणि खटका त्यांनी परत वर केला.

रेल्वेत त्यांना खिडकी दिली. बोगद्यांमागून बोगदे येत होते; प्रत्येक बोगद्यात काचेत त्यांचाच चेहरा दिसायचा आणि ते नजर वळवायचे. चिपळूण गेल्यावर त्यांनी विचारलं, "डोंबिवलीला गडगडतं काय हो?"

"गडगडतं की."

"मग मेन?"

"मेन खाली असतं, मीटरच्या खोलीत. कुलूप असतं त्याला."

खेड आल्यावर ते म्हणाले, "मग त्यांचे टीव्ही कसे राहतात?"

पनवेलला मीना आली होती, नवऱ्याला घेऊन. तिने वाकून नमस्कार केला, मग रडली, मग लगेच बॅगेची चौकशी केली. चांगली आहे ती. अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिला सांगा, वाटाणे चवीला चांगले होते." मी पुण्याची बस पकडली. मांडी रिकामी होती आणि खिडकीबाहेर कोरडं ऊन पडलेलं होतं.

नंतर काही दिवसांनी शैलाचा फोन आला. भांडं उत्तम चालतंय म्हणाली. सकाळी भरते, संध्याकाळी आली की जेवण तयार, गरम, अगदी चित्रात दाखवलंय तसं. एकदा लावलं की दोन दिवस पुरतं. फार सोपं आहे, दादा.

"काल इथे पुन्हा गडगडलं," ती म्हणाली. "मी नुकतीच आले होते. वाटाणे व्हायला थोडा वेळ होता."

"मग?"

"मग काय. पडवीत गेले आणि मेन बंद केलं. अण्णांच्या खुर्चीवर बसून राहिले पाऊस जाईपर्यंत."

"आणि वाटाणे?"

"राहिले कच्चे," शैला म्हणाली. "खाल्ले थोडे. चावून."