उजवा कौल आणि बुडबुड्यांची बाटली

"श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा!"

पेडण्यातल्या आमच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये आतून हा आवाज आला की बाहेर बाकावर बसलेली माणसंसुद्धा श्वास धरायची. काउंटरवर बसलेली मीही. आत भाई, आमचे फिल्म काढणारे टेक्निशियन. प्रत्येक वस्तू उजेडाकडे धरून बघायची त्यांची सवय हाडात मुरलेली. पोदेराकडून पाव घेतला तरी आधी ट्यूबलाइटसमोर. "अहो, पाव आहे तो, फ्रॅक्चर नाही झालेलं त्याला!" म्हणून मी ओरडायची.

दुसऱ्याला जपणारा आणि स्वतःच्या बाबतीत ठार आडमुठा, असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच. पोर रडायला लागलं की भाई शिशाचा एप्रन त्याच्या आईला घालायचे आणि स्वतः नुसत्या शर्टात. एका हाताने पोराचे पाय धरलेले, दुसऱ्या हातात लांब वायरचं बटण. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी वेगळा एप्रन आणला, तो कायम खिळ्यावर. "गरम होता गो. दोन सेकंदाचा तर काम!"

गेल्या वर्षी गळ्याशी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन सुईची तपासणी करून घ्या. भाई घरी गेले आणि मोबाइल उघडून बसले. किरणांमुळे होणाऱ्या कॅन्सरवर हायड्रोजनच्या पाण्याचं संशोधन चाललंय म्हणे, उंदरांवर. झालं! बटण दाबलं की बुडबुडे येणारी बाटली काउंटरवर हजर. तीही उजेडाकडे धरायची, बुडबुडे बघायचे आणि एका दमात रिकामी करायची.

"झाकण लाव गो, गॅस उडान जाता!"

"भाई, तपासणीचं काय?"

"उंदरांक गुण इलो."

"तुम्ही उंदीर आहात?"

डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. त्या उंदरांना पाणी दिलं होतं किरणांच्या आधी, आणि माणसांचं अजून काही ठरलेलं नाही. प्यायचं तर प्या, पण गाठ तपासा. ऐकेल तर तो माणूस कसला! "दुखणा नाय," एवढंच. खरं सांगू? घाबरले होते. जन्मभर लोकांच्या फिल्मवरचे डाग बघितले, आपला बघायची हिंमत होईना. ते कळत होतं म्हणूनच मी जास्त चिडायची.

मग तर कहरच केला. ग्रामदेवाला कौल लावून आले. आमच्याकडे मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतात, उजवी पडली की होकार. आले ते हसतच. "देवान उजवो दिल्यान!"

"विचारलंत काय?"

"ह्या पाणी पियू काय?"

कपाळ माझं! "अहो, पाणी पिऊ नको असं कुठला देव सांगेल?"

पुढच्या सोमवारी मीच त्यांना स्कूटरवर घालून देवळात नेलं. गुरवाला म्हटलं, असं विचारा, बांबोळीला जाऊ का? गाऱ्हाणं झालं, पाकळ्या लागल्या. पडेचनात. भाईंचा हात गळ्यावर. मला एकच धास्ती, डावी पडली तर या माणसाला कोण हलवणार? शेवटी उजवी सुटली आणि भाई पुटपुटले, "सोडा." तेव्हा कळलं, मी श्वास धरून उभी होते.

गेले बांबोळीला, बाटलीसकट. ऑपरेशन झालं, पण तोवर पसरलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा बाटली उशाशीच होती. "आधी इलो असतंय तर, नाय गो?" म्हणाले. इतके दिवस मी हेच ओरडत होते ना! पण आता बाटलीचं झाकण तेवढं घट्ट लावून दिलं, गॅस उडून जाऊ नये म्हणून.

चतुर्थीच्या आधी गेले.

आता आत नवी मुलगी आहे. शहाणी आहे, एप्रन घालते. पण बोलते इतकं हळू की बाहेर काही ऐकू येत नाही. दारावरचा लाल दिवा लागतो, मी सवयीने श्वास धरते, आणि धरूनच बसते. असा संताप येतो! अहो भाई, सोडा म्हणा ना.